मामांच्या ई ड्राइव्हशेजारी

मामींच्या सामानात तो निघेल असं मला वाटलं नव्हतं. दोन बॅगा, शिलाई मशीन, बुद्धमूर्तीची काचेची पेटी आणि सगळ्यात शेवटी टेम्पोवाल्याने छातीशी धरून वर आणलेला कॉम्प्युटरचा जुना डबा. त्याच्यावर अजून तेच कव्हर होतं, ब्लाउजच्या अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांचं, खाली झालर लावलेलं. अर्धं आकाशी, अर्धं अबोली. कोणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजांचं अस्तर असणार ते.

"फेकावं का ठेवावं कळंना, म्हणून आणलं," मामी म्हणाल्या आणि गुडघा धरून सोफ्याच्या कडेवर बसल्या. अगदी कडेवर. मी ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मामा गेल्यावर जेलरोडच्या त्या घरात मामी एकट्याच होत्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्यांचा मुलगा राहुल बंगळुरूला. तिकडची हवा मामींना मानवत नाही आणि तिकडची भाषाही. मीच राहुलला म्हटलं की मामींना पाथर्डी फाट्याला माझ्याकडे राहू दे. सांगताना मला स्वतःबद्दल जरा बरंच वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

दुपारी मामी जरा आडव्या झाल्यावर मी कव्हर काढलं. वास आला. धूळ, शिलाई मशीनचं तेल आणि तापून तापून पिवळं पडलेलं प्लॅस्टिक. हा वास मी विसरले होते असं नाही. त्याच्या वाटेला जायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं.

आमचं गाव चांदवडच्या घाटाखाली. दहावीनंतर कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला नाशकात प्रवेश मिळाला आणि आई मला मामाकडे सोडून गेली. आईने एक कांद्याची गोणी आणि माझी पत्र्याची ट्रंक मामांच्या दारात ठेवली. गोणी आत गेली. ट्रंक मी दाराशीच, चपलांच्या फळीला लागून ठेवली, आणि ती तिथेच राहिली. मामी चार वेळा म्हणाल्या की आतल्या कपाटात एक कप्पा रिकामा करते. मी म्हणायचे, असू द्या, इथूनच बरं पडतं.

दुसऱ्याच्या घरात राहण्याची एक शिस्त असते. ती कोणी शिकवत नाही, अंगातच उगवते. दोन भाकऱ्यांची भूक असेल तर दीड घ्यायची. अंघोळीची बादली गळ्यापर्यंत भरायची नाही. टीव्हीवर काय लावायचं ते सुचवायचं नाही. ताटातलं संपायच्या आधीच ताट घासायला कधी उठायचं याचा अंदाज घेत राहायचं. मामींनी मला कधी एका शब्दाने टोचलं नाही, राहुलने माझ्या वाटणीची साय कधी पळवली नाही, आणि मामा तर मला 'ताई' म्हणत, सोळा वर्षांच्या पोरीला. तरी लाज वाटायची. आपण या घरात जागा व्यापतो आहोत याचीच लाज. पुरे, बास, चालतं मला, राहू द्या. एवढ्या भांडवलावर मी तिथे तीन वर्षं काढली.

मामा एसटी डेपोत क्लार्क होते. कॉम्प्युटर त्यांनी घेतला तो म्हणायला माझ्या शिक्षणासाठी आणि राहुलच्या हट्टासाठी, पण त्यांचा स्वतःचा जीव त्यात कशासाठी अडकला होता ते पहिल्याच रविवारी कळलं. त्यांच्याकडे कॅसेटची एक मोठी पेटी होती. भीमगीतांच्या, वामनदादांच्या काळापासून गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या, जयंतीच्या मिरवणुकीत कोणीतरी भरून घेतलेल्या. आणि त्यांतली एक, लेबल नसलेली, माझ्या आजोबांची. आजोबा, म्हणजे आईचे आणि मामांचे वडील, गायन पार्टीत पुढचा आवाज होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचा फोटोही एकच, आणि त्यात ते डोळे मिटलेले. तो फोटो आणि ती एक कॅसेट सोडली तर आजोबा म्हणून हातात काही नव्हतं.

या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या असं मामांनी ठरवलं. जोडायची वायर नीट चालेना, म्हणून टेपरेकॉर्डरसमोर माइक ठेवायचा आणि कॅसेट लावायची, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे रविवारी सकाळी सगळं घर गप्प. मामी मशीनवरून पाय काढून घेत. कुकर लावायचा नाही. दारावरची बेल मामा स्वतः काढून ठेवत. राहुल तोंडावर हात ठेवून हसू दाबायचा आणि आम्ही चौघं खाटेवर, खाली, जमेल तिथे बसून एक अख्खी बाजू संपेपर्यंत ऐकत राहायचो. कॅसेट तिच्या वेगानेच चालणार, घाई करून उपयोग नाही. खाली गल्लीत भाजीवाला ओरडला की तोही गाण्यात जायचा. आजोबांच्या गाण्यात मध्येच एक खोकला आहे, तो माझा. मामांनी तेव्हा डोळे मोठे केले आणि नंतर म्हणाले, राहू दे, आजा नातीची गाठ पडली.

गाठ पडली खरी. सगळं उतरवून झालं आणि मामा ती कॅसेट पुन्हा एकदा लावायला गेले, तर टेपरेकॉर्डरने ती गिळली. फीत बाहेर ओढता ओढता चुरगळून तुटली. मामी हळहळल्या. मामा मात्र खुशीत होते. म्हणाले, बघा, वेळेवर काढून घेतलं. मग त्यांना त्या पेटीचं काही वाटेनासं झालं. माझे वडील बाजरीच्या दिवसांत आले तेव्हा मामांनी सगळ्या कॅसेट पोत्यात भरून त्यांच्या खांद्यावर दिल्या. आमच्याकडे बाजरी दाण्यात आली की फितीच्या लांब पट्ट्या शेतावर ताणून बांधतात. वाऱ्याने त्या गुणगुणतात आणि पाखरं बसत नाहीत. "आता सगळं कॉम्प्युटरमधी हाय," मामा अभिमानाने म्हणाले. रविवारची सकाळ मात्र तशीच राहिली, आता कॉम्प्युटरवरून गाणी ऐकायला सगळं घर गप्प.

या सगळ्याच्या आधी, कॉम्प्युटर नवा होता आणि एकही गाणं उतरलं नव्हतं, तेव्हाच कॉलेजात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण निराळी सिस्टिम, शिकवायला लागले होते. प्रॅक्टिकल त्याच्यावर, शेवटचं प्रोजेक्ट त्याच्यावर. कॉलेजात मशीनपाशी नंबर लागायचा नाही, म्हणून घरी विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकणं भाग होतं. एका मैत्रिणीने सीडी दिल्या. पण एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं नांदवायची तर आधी डिस्कची वाटणी करावी लागते, आणि ती आधीच करावी लागते. मागून करायला गेलं की आत राहणाऱ्यांना उठवावं लागतं. आमच्या सरांनी हे निराळ्या शब्दांत सांगितलं होतं, पण मतलब हाच.

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि त्याच्यावर एक लांबलचक चौकोन काढला. डिस्क चाळीस जीबीची. पहिला तुकडा सी, विंडोजचा, म्हणजे सगळ्यांचा. दुसरा डी, राहुलच्या खेळांचा. तिसरा ई, मामांच्या गाण्यांचा, सगळ्यात ऐसपैस. आणि अगदी शेवटी, कागद संपता संपता, माझा. लिनक्सच्या भागाला विंडोजमध्ये अक्षर मिळत नाही, तो तिथून दिसतच नाही. हे मला फार सोयीचं वाटलं होतं. शेजार मात्र मी विचार करून निवडला. राहुलच्या शेजारी नको, मामांच्या शेजारी हवं. नातं तिथून होतं ना माझं.

मामा डेपोतून आले, हातपाय धुतले आणि चष्मा लावून त्या कागदापुढे बसले. मामींचं मशीन चालू होतं. मामांनी बोटाने चौकोनावरून इकडून तिकडे चालत गेल्यासारखं केलं आणि शेवटच्या पट्टीवर बोट थांबवलं.

"ही येवढीशीच तुला?"

मी म्हटलं, मला पुरते, मामा.

"ताई, शेताचा बांध एकदा घातला का घातला. मागून सरकवायला गेलं का लोकं एकमेकांची डोकी फोडतात. आत्ताच मोठी घे. माझ्यातली घे, मला येवढी काय करायची हाय?"

मी म्हटलं, नको, खरंच पुरते. ते दुसऱ्यांदा म्हणाले. मी दुसऱ्यांदा नको म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मामींना चहा मागितला. चार जीबी घेतले मी. ताटात दीड भाकरी घ्यावी तसे.

आता हे लिहिताना हसू येतं. कोरी, रिकामी डिस्क. तिच्यावरची जागा कोणाच्या तोंडातली नव्हती. कोणी उपाशी राहणार नव्हतं. तिथेही मी संकोचून बसले.

लिनक्स छान चाललं. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, वर-खाली, आणि बाणाची कळ दाबून मी माझ्या नावावर यायचे. घरातले झोपाळू दुपारी पडले की त्या चार जीबीत मी हवं तसं राहायचे. मोठ्या अक्षरांत लिहायचे, रंग बदलायचे. तिकडे कोणी येत नसे. डिस्क करकर वाजायची, पंख्याचा सूर लागायचा, मामींच्या कव्हराला खळीचा वास यायचा. माझी अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती मीच कापून लहान केली होती.

तिसऱ्या वर्षी, प्रोजेक्ट तोंडावर आलेलं असताना, ती भरली. लिनक्सची जागा काठोकाठ भरली की ते आत घेतच नाही. नाव टाका, पासवर्ड टाका, ते पुन्हा दारातच आणून सोडतं. मी होतं नव्हतं ते पुसून पाहिलं, पण प्रोजेक्टला लागणारी अवजारंच तेवढी मोठी होती. उपाय एकच, बांध सरकवायचा. आणि शेजारी मामा.

त्यांना विचारताना माझी मान वर झाली नाही. त्यांनी मात्र लगेच हो म्हटलं, जरा आनंदानेच. एवढंच विचारलं की आधी गाणी सीडीवर उतरवून घेऊ का, कॉलेजरोडला एक जण करून देतो. मी म्हटलं, काही गरज नाही, मामा, उगाच तुम्हाला हेलपाटा. पुन्हा तेच. पुन्हा पुरे, राहू द्या, असू द्या.

भारनियमनाचे दिवस होते. आमची लाइट सकाळी जायची आणि जेवणाच्या वेळेला यायची. लाइट आल्यावरच मी सुरू केलं. पडद्यावर ई ड्राइव्हची कड हळूहळू मागे सरकत होती, गाणी उचलून अलीकडे ठेवली जात होती. मामी ओट्याशी लसूण सोलत होत्या. मग पंखा मंदावला. नेमाची वेळ नव्हती, लाइट तशीच गेली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा वैतागलेला सूर आला, पडदा काळा झाला, आणि डिस्क थांबताना एक बारीक आवाज करते तो झाला.

लाइट आल्यावर मी ई वर क्लिक केलं. मशीनने विचारलं की हा ड्राइव्ह फॉरमॅट केलेला नाही, आत्ता करायचा का, म्हणजे असेल नसेल ते पुसून कोरा करायचा का. माझे चार जीबी शाबूत होते. कशालाही धक्का लागलेला नव्हता.

मामा संध्याकाळी आले. मी सांगितलं नाही, नुसती खुर्चीवरून उठले. त्यांनी स्वतः माउस धरला, ई वर नेला, आणि तो प्रश्न वाचला. नाही वर क्लिक केलं. परत उघडलं. परत तोच प्रश्न. मग त्यांनी माउसवरून हात काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरचा डबा घेऊन दुकानात गेले. दुकानवाल्याने काही होईल असं वाटत नाही म्हणून सांगितलं, ठेवून जा म्हणाला, बघू म्हणाला. प्रोजेक्ट तर चार दिवसांवर आलेलं. मामा डबा परत घेऊन आले, झालर नीट केली, आणि मला म्हणाले, "आता सगळा ई तुझाच. हो म्हण त्याला."

हो मी म्हटलं. माझ्या हाताने. आजोबांच्या आवाजावर माझं प्रोजेक्ट बसलं, आणि त्याला चांगले मार्क पडले. घरी पेढे आणले ते मामांनी.

त्यानंतरच्या रविवारी मामींनी सकाळीच मशीन चालवलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. राहुल मोठ्याने काहीतरी गात अंघोळीला गेला. कोणाला गप्प बसायचं कारण उरलं नव्हतं. मी ट्रंकेशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि या आवाजातून उठून कुठे जावं ते मला कळत नव्हतं.

सुट्टीत गावी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती मला शेतावर घेऊन गेली. बाजरी केव्हाच निघालेली, मग कांदा झाला, तोही निघाला. पण बांधावरच्या काठ्यांना गेल्या हंगामातल्या फितीचे तुकडे अजून लटकत होते, उन्हाने विटलेले. वारा आला की गुणगुण सुरू व्हायची, थांबायची. आई पदर डोक्यावर घेऊन त्यांच्याखाली उभी राहिली.

"यातली बाबांची कोणती गं?"

सगळ्या सारख्याच तपकिरी होत्या.

पुढे या वाटण्या करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा झाला. कोणी मशीन आणून देतं, दोन सिस्टिम हव्यात म्हणतं, आणि मी आधी कागद पुढे ओढते. तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट घ्या, असं मी सगळ्यांना सांगते, जरा दटावूनच. लोकांना वाटतं बाई अनुभवी आहे. मामांकडे मी जात राहिले, दिवाळीला, जयंतीला, उगाचही. त्यांनी त्या डिस्कचा विषय कधी काढला नाही. तेवढ्यानेच मी दर वेळी त्यांच्या घरात शिरताना थोडी वाकायचे.

आज संध्याकाळी मामींचं सामान लावायला घेतलं. त्यांच्यासाठी मी माझ्या मुलीच्या खोलीतलं कपाट ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे, त्यातला खालचा एक कप्पा मोकळा करून ठेवला होता. बाकीच्यात मुलीच्या जुन्या वह्या, आमच्या चादरी, हवं-नको ते. आपण मामींना घरी आणलं या समाधानात मी नीट पाहिलंही नव्हतं की किती जागा केली आहे.

मामी पलंगाच्या कडेवर बसून पाहत होत्या. त्यांनी आपल्या साड्यांतल्या चारच बाहेर काढल्या, बाकीची बॅग तशीच बंद केली आणि पायाने दाराशी सरकवली. चपलांच्या बाजूला.

"मला काय, येवढं पुरे हाय," त्या म्हणाल्या. "बॅग राहू दे तिथंच, बरं पडतं."

मी हातातल्या साडीसकट खालीच बसले. म्हटलं, "मामी, पुरे म्हणू नका. मी तसंच म्हटलं होतं, आणि आजोबांचा आवाज गेला. पहिल्यांदाच मोठी जागा घेतली असती तर बांध सरकवावाच लागला नसता."

मामी गुडघा चोळू लागल्या. मग बोलल्या त्या मला नाही, समोरच्या उघड्या कपाटाला.

"आवाज गेला त्याचं ह्यांना वाईट वाटलंच. पण दुसरंच लागून राहिलं हुतं. आवाजाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाय, आणि हे तर मला बी एकदाच बोलले. म्हणाले, तीन वर्सं पोर आपल्या घरात राहिली, आणि तिनं येवढीशीच पट्टी घेतली. कागद बघितला तवाच मला लाज वाटली म्हणाले. आपल्या घरात तिला हात आखडून बसावं लागलं. त्याच्यापायी ते तुझ्यापुढं तो विषय काढत नव्हते गं. तुझ्यामुळं नाय. सोताच्या लाजंनं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघीही थांबलो, ती संपेपर्यंत, जुन्या सवयीने.

मग मी उठले. वह्या काढल्या, चादरी काढल्या, हवं-नको ते सगळं पलंगावर टाकलं. खालचा, मधला, वरचा, सगळे कप्पे ओल्या फडक्याने पुसले. दारातली बॅग आत आणली आणि मामींच्या पुढ्यात उघडली. मामी नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. त्या दुसऱ्यांदा नको म्हणाल्या, आणि मामा इथेच थांबले होते, म्हणून मी थांबले नाही.

मामींनी पहिली साडी खालच्याच कप्प्यात ठेवली. थोड्या वेळाने दुसरी मधल्या.